विसाव्यापलीकडची चाल

कलकत्ता,
९ जानेवारी १९७६

ती. जयवंताताईस,
जय भीम.

दिवाळीपासून माझं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण हे पुरं वाचून मग रागाव.

इथली एक रेकॉर्ड कंपनी माझी तबकडी काढते आहे. मोठी, दोन्ही बाजूंनी वाजणारी. गाणी माझी, चाली माझ्या, सॅक्सोफोनही माझाच. या हॉटेलात दहा वर्षं मी दुसऱ्यांची गाणी वाजवली, लोक जेवता जेवता ऐकत होते. आता पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की बाबा, तुझं स्वतःचं काही आहे का.

तुला मागे ब्लूजबद्दल लिहिलं होतं, आठवतं का? अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या लोकांचं गाणं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. अजनीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये सॅक्सोफोन शिकवणाऱ्या गार्डसाहेबांनी मला ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. शब्द कळत नव्हते, पण गाणारे लोक आपल्या सावनेरकडचे वाटले. तेव्हापासून मी ते वाजवतो आहे, आणि आता त्यात आपलं घातलं आहे. एक गाणं खाणीतल्या पाळीवर आहे, एक वाडीच्या ट्रकवाल्यांवर. एक पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडतीच्या ठेक्यावर बांधलं आहे, आणि त्याच्याखाली बास गिटार अशी फिरते की जेवायला बसलेले बाबू लोक चमचा ठेवून पाय हलवायला लागतात. माय जात्यावर म्हणायची त्यातलंही एक घेतलं. तबकडीचं नाव ‘खालचा मोहल्ला’.

सात गाणी तयार आहेत, आठवं अडलं आहे. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं अशी गत. मला बांची ती चाल हवी आहे, गावात कोणी गेलं की तिरडीपुढे सनईवर वाजवायचे ती. मला ती अर्धीच येते. विसाव्याच्या दगडापाशी तिरडी खाली ठेवत, खांदेकरी बदलत, आणि आम्हा पोरांना तिथूनच घरी हाकलत. पुढे नाल्यापलीकडे बा काय वाजवत ते मी कधी ऐकलंच नाही. ती पुढची अर्धी मला हवी आहे.

१ मार्चला स्टुडिओ आहे आणि तोवर मला हॉटेलातून सुट्टी नाही. आमचा ड्रमवाला हावडा मेलनं मुंबईला जातो आहे, त्याच्याबरोबर टेप रेकॉर्डर पाठवतो. बांनी नुसती गुणगुणली तरी चालेल. बांना पत्र तूच वाचून दाखवतेस, तेव्हा तूच विचार. भाऊजींना जय भीम.

तुझा,
चंद्रभान

—

नागपूर,
२२ जानेवारी १९७६

चि. चंद्रभानास,
अनेक आशीर्वाद.

तबकडीचं ऐकून सगळ्यांना आनंद झाला. हे वाडीच्या गोदामातून येताना पेढे घेऊन आले आणि मोहल्लाभर वाटून आले. शेजारच्या नत्थूजींनी विचारलं की पोरगा सिनेमात गेला काय. मी म्हटलं, सिनेमापेक्षा मोठं काम आहे, तुम्हाला कळायचं नाही.

आता तुझ्या आठव्या गाण्याचं. बांना विचारलं. ते नाही म्हणाले. यंत्र पाठवू नकोस.

तू अकरा वर्षांचा होतास, तुला अर्धं आठवतं. मी पंधराची होते, मला सगळं आठवतं. दीक्षा घेऊन बा नागपूरहून परत आले आणि आठ दिवसांत मालगुजाराची म्हातारी वारली. निरोप आला, सनई घेऊन या. बांनी सांगितलं, “येत नाई. आता ते काम आमच्याकडे नाई.” तेवढ्यावर गिरणीवाल्यानं आपलं दळण परत पाठवलं, दुकानदारानं मीठ द्यायचं बंद केलं. मढं तसंच बिनवाजंत्रीचं गेलं आणि त्याचा राग आपल्यावर निघाला. दीड महिन्यानं आपण बैलगाडीत सामान टाकून नागपूरला आलो. सनई विहिरीत गेली ती तेव्हाच.

तू ज्याला आपलं मूळ म्हणतोस ते उपटून काढायला बांची अर्धी हयात गेली. आता तू त्याला पाणी कशाला घालतोस? खाणीवर गा, ट्रकवर गा. मायचं गाणं घेतलंस ते तर फार चांगलं केलंस. पण मढ्यापुढची चाल तबकडीवर नको. लोक टाळ्या वाजवतील आणि आपल्याच पोरांना विचारतील, तुमचा बाप हेच करायचा का?

तब्येत सांभाळ. वेळेवर जेव.

तुझी,
ताई

—

कलकत्ता,
३ फेब्रुवारी १९७६

ती. ताईस,
जय भीम.

पत्र तीन-चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. ते काळे लोक त्यांच्या आज्यांनी बेड्यांत म्हटलेली गाणी जगापुढे म्हणतात आणि मान वर करून म्हणतात. आम्ही काहून नाही म्हणायची? मला ती चाल गावासाठी नको होती. एवढ्या अपमानाच्या कामात माझा बाप एवढं सुंदर काही वाजवत होता, हे मला सांगायचं होतं.

पण बा नाही म्हणाले, तिथं माझं बोलणं संपलं. मी घर सोडलं त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, “तोंडानं वाजवायचं काम घरातून गेलं होतं. तू वापस आणलं.” तेरा वर्षं ते वाक्य मी वागवतो आहे. त्यात आणखी भर नको.

माझ्या अर्ध्या चालीला मी स्वतःच पुढचं जोडून पाहिलं. चांगलं झालं, पण खोटं वाटलं. म्हणून ते गाणं काढून टाकलं आहे. सातच गाणी होतील. बांना सांग की चंद्रभाननं ऐकलं.

तुझा,
चंद्रभान

—

नागपूर,
१९ फेब्रुवारी १९७६

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

तू ऐकलंस, फार बरं वाटलं. सोबत जवसाची चटणी पाठवते आहे, दोन डबे. एक तुझ्या ड्रमवाल्याला दे.

बांचे पुढचे दात फारच हलत होते. रामदासपेठेत आमच्याच दवाखान्यात डॉक्टरांना दाखवून चार काढले. मी ड्यूटीवरच होते. आता भाकर दुधात कुस्करून खातात आणि त्यावरून रोज माझ्याशी भांडतात. बाकी ठीक.

तू माझ्यावर रागावू नकोस.

ताई

—

कलकत्ता,
१४ जुलै १९७६

ती. ताईस,
जय भीम.

तबकडी निघाली. रजिस्टर पार्सलनं एक पाठवतो आहे, पुठ्ठ्यावर माझा फोटो आहे. माय असती तर म्हणाली असती, किती वाळला.

खप फारसा नाही. बंगाली लोकांना भाषा कळत नाही आणि मराठी लोकांना कळेल तर तिथवर ती पोचत नाही. पण एका इंग्रजी पेपरवाल्यानं चार ओळी लिहिल्या, की या माणसाच्या वाद्यातून धूळ उडते. चांगलं लिहिलं की वाईट ते मला अजून ठरवता आलं नाही. कंपनी दुसरी तबकडी काढणार नाही हे मात्र त्यांनी साफ सांगितलं.

नत्थूजींकडे लग्नाच्या लाउडस्पीकरबरोबरचा रेकॉर्ड प्लेअर आहे ना? बांची इच्छा असेल तर त्यांना ऐकव. नसेल तर राहू दे. ऐकून काय म्हणाले ते मात्र जसंच्या तसं लिही.

तुझा,
चंद्रभान

—

नागपूर,
८ ऑगस्ट १९७६

चि. चंद्रभानास,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

गेल्या रविवारी नत्थूजींनी अंगणात खुर्च्या मांडल्या आणि तुझी तबकडी लावली. तीस-चाळीस माणसं जमली. शेजारची यमुताई तर मायचं जात्यावरचं गाणं ऐकून उठून घरात गेली. झडतीचं लागलं तशी पोरं नाचायला लागली. बा पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून बसले होते. एक बाजू झाली, दुसरी झाली. तबकडी थांबली तरी उठेनात.

मग मला म्हणाले, “आपली चाल काहून नाई घेतली वं त्यानं? विसरला का?”

चंद्रभान, मी बांना विचारलंच नव्हतं. तुझं जानेवारीतलं पत्र वाचून दाखवताना तेवढा मजकूर मी गाळला. तुझं पुढचं पत्र तर वाचूनच दाखवलं नाही. ‘नाही’ माझं होतं, मी ते बांच्या तोंडी घातलं. आणि सनई विहिरीत गेली असं मी लिहिलं, तुला वाटलं बांनी टाकली. ती मी टाकली होती. गाडीत सामान भरत होते तेव्हा.

त्या दिवशी अंगणात सगळ्यांसमोर मला हे बांना सांगता आलं नाही. घरी येऊन सांगितलं. ऐकून ते चपला घालून विहाराकडे निघून गेले. तुझी आठवी जागा मी खाल्ली. आता कंपनीही नाही म्हणते आणि बांना दातही नाहीत. मला काय शिक्षा द्यायची ती दे.

ताई

—

कलकत्ता,
१९ ऑगस्ट १९७६

ताई,

तू माझ्याकडून माझा बाप हिरावून घेतलास. एक गाणं गेलं असतं तर मी काही बोललो नसतो. सहा महिने मी समजत होतो की बांना माझी लाज वाटते. स्टुडिओत काचेमागे उभा राहून मी सातवं गाणं वाजवलं तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की हे ऐकून तरी त्यांचा राग जाईल. राग नव्हताच.

तुला लाज वाटत होती तर तसं लिहायचं होतंस. मी भांडलो असतो, पण ते भांडण खरं असतं.

सध्या मला पत्र लिहू नकोस.

चंद्रभान

—

नागपूर
तारीख १२ सप्टेंबर

चंद्रभान बेट्याले बापाचा जय भीम.

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राहिलो. विहारात संध्याकाळचा वर्ग आहे, दोन वर्षांपासून जातो. तुले सांगितलं नव्हतं. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. चार दिवस लागले लिहाले.

तुह्यं जयवंताच्या नावाचं पत्र म्या वाचलं. तिनंच माह्या हातात दिलं. म्हणे, बा, तुम्हीच वाचा आता, मी वाचलं तर तुमचा भरोसा नाई राहणार.

तू तिच्यावर रागावला. ठीक आहे. पण तुले एक गोष्ट मालूम नाई. मी वाजवो तवा तू पोरगा, पुढे पुढे उड्या मारत चाले अन् विसाव्यापासून वापस जाये. तुह्यं काम तिथं सरे. मयताच्या तेराव्या दिवशी जेवण राहे. आपल्याले वाजवल्याचं उरलंसुरलं भेटे. ते आणाले जयवंता जाये. तुह्यी माय मजुरीले राहे. दहा वर्षांची पोरगी, भगोनं घेऊन दरवाज्याबाहेर उभी राहे. सगळ्या पंगती उठत तवर उभी राहे. कधी दुपार होये, कधी दिवस बुडे. बसाले कोणी म्हणत नसे, बसली तर वरडत. मंग वरून टाकत. मी सनई वाजवो म्हणून लोक मले नावानं तरी ओळखत. तिले कोणी नावानं नाई बोलावलं. सूर माह्या वाट्याले आला, भगोनं तिच्या.

सनई तिनंच विहिरीत टाकली हे मले त्याच दिवशी मालूम झालं. तिचे हात वले होते अन् ती माह्याकडे पाहे ना. म्या इचारलं नाई. मले वाटलं, टाकली तर टाकली, पोरीचा हक आहे.

तू घर सोडलं तवा म्या जे बोललो ते तुह्या मनात राहिलं असं तुह्या दुसऱ्या पत्रात आहे. तेई तिनं आता दाखवलं. म्या रागानं बोललो नव्हतो गा. मले खुशी झाली होती, पण खुशी कशी बोलाव ते येत नव्हतं.

आता चालीचं सांगतो. विसाव्यापर्यंतची चाल माह्या बापाची. ती ठरलेली. त्यात फरक केला तर लोक शिव्या देत. विसाव्यापुढे बाया पोरं वापस जात, माणसं आपल्या गोष्टी करत, पिकाच्या, बैलाच्या. वाजंत्र्याकडे कोणाचं ध्यान नसे. तिथून पुढं मी माह्यं वाजवो. रोज येगळं. जे मनात येईन ते. ते कोणाचं नव्हतं, मालगुजाराचं नाई अन् मढ्याचंई नाई. तवा मले तू इचारशीन पुढची अर्धी कोणती, तर तशी एक नाई. तू जोडली अन् तुले खोटी वाटली, ते काहून ते तुले मालूम. तू बापाची शोधत होता. तिथून पुढं आपली वाजवा लागते.

मी मेलो तर माह्यापुढे वाजवू नको. चालता चालता लय वाजवलं म्या. बसून कोणी आयकलं नाई.

तुहा बाप,
रुपराव

—

कलकत्ता,
१ ऑक्टोबर १९७६

ती. जयवंताताईस,
जय भीम.

बांचं पत्र आलं. मी ते हॉटेलच्या मागच्या जिन्यावर बसून वाचलं आणि त्या दिवशी वाजवायला गेलो नाही. मॅनेजरनं पगार कापला.

ताई, भगोन्याचं मला माहीत नव्हतं. मला ते अन्न आठवतं. गोड असायचं, बुंदी असायची, आणि मी आधी खायचो. ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही. तू माझ्या ताटात वाढायचीस आणि स्वतः खात नव्हतीस. मला वाटायचं तुला गोड आवडत नाही. एकतीस वर्षांचा होईपर्यंत मी हेच समजत होतो.

परवानगी मी बांकडे मागितली, आणि ती तुझ्याकडे मागायची होती. चूक माझी आहे. तू खोटं बोललीस याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं, ते लगेच जाणार नाही. पण तुझं ‘नाही’ खरं होतं, आणि ते मी ऐकायला हवं होतं.

आता विचारतो. अजनीच्या इन्स्टिट्यूटनं नाताळच्या आधी मला बोलावलं आहे. त्यांच्या जुन्या पोराची तबकडी निघाली म्हणून कार्यक्रम ठेवला आहे. बास आणि ड्रमवाले माझ्याबरोबर येतील. सात गाणी आहेतच. आठवी ती चाल वाजवावी असं मला वाटतं, विसाव्यापर्यंत आजोबांची आणि पुढे माझी. तू नको म्हणालीस तर वाजवणार नाही, आणि का म्हणून विचारणारही नाही. बांना यात घालू नकोस, तुझं उत्तर हवं आहे.

तुझा,
चंद्रभान

—

नागपूर,
१६ ऑक्टोबर १९७६

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आठ-दहा दिवस दवाखान्यात खाटांमधून फिरताना माझं आपल्याशीच बोलणं चाललं होतं. एका म्हातारीनं विचारलंसुद्धा, “सिस्टर, कोणाशी बोलून राहिल्या?”

मला ती चाल अजून आवडत नाही. कुठे सनई वाजली की माझे पाय दुखतात. हे तुला सांगून ठेवते, कारण तू म्हणालास भांडण खरं हवं. तबकडीवर लोकांनी ती ऐकावी, जेवता जेवता ऐकावी, याची मला भीती होती आणि आहे. पण तू वाजवलेलं नत्थूजींच्या अंगणात ऐकलं तेव्हा मायच्या गाण्याला कोणी हसलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, कोण हसतं म्हणून. कोणीच हसलं नाही.

गोड मला आवडायचं. एवढं तुला माहीत असावं.

वाजव. पण लोक जेवत असतील तिथं वाजवायचं नाही, हे इन्स्टिट्यूटवाल्यांना आधीच सांग. आणि तिकिटं दोन पाठव, पुढच्या रांगेतली. एक बांसाठी. दुसऱ्या खुर्चीवर माझं नाव लिहून ठेवायला सांग, पुरं नाव, जयवंता मारोतराव मेश्राम. मी ड्यूटीवरून सरळ येईन, थोडा उशीर होईल. तोवर तिथं कोणाला बसू देऊ नकोस.

तुझी,
ताई